कोणाचा कोण विचारणारी तापीअक्का

आमच्या गल्लीत तापीअक्का पाणी मागायला आली, की शहाण्या बायका तांब्याची नाव कोरलेली बाजू आपल्याकडे करून तो तिच्या हाती देत. उपयोग काही व्हायचा नाही. अक्का घोट घेता घेता तांब्या सावकाश फिरवायची, अक्षरांवरून अंगठा फिरवायची आणि तांब्या परत देताना सहज विचारायची, "ही काशी कोन व? तुन्ही सासूनं नाव ते चंद्रभागा व्हतं ना?" त्या घरात मग संध्याकाळपर्यंत कुजबुज चालायची.

दोंडाईच्याला मराठी शाळेत मास्तर म्हणून मी आलो, तो सिन्नरकडून. मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम नुकती ओसरली होती. इथली बोली माझ्या कानाला नवी. धुळ्याला 'धुये' म्हणणारी आणि दळणाला 'दयन' म्हणणारी ही माणसं मला वर्षभर निम्मीच कळत होती. खोली मिळाली ती नानांच्या घरात, ओट्याला लागून. नाना म्हणजे अक्काचे धाकटे दीर. अक्काचा नवरा तरुणपणीच गेलेला, पोटी मूल नाही. घराच्या मागच्या दोन खणांत ती राहायची, पण तिचा सगळा दिवस पुढच्या ओट्यावरच जायचा. उंच, हाडापेराने मोठी, दाताला मिशरी लावलेली. कोणी काही सांगू लागलं, की तिचा डावा डोळा बारीक व्हायचा. सांगणाऱ्याचं बोलणं संपलं की एकच वाक्य यायचं, "आसं तू म्हनस." या तीन शब्दांनी भल्याभल्यांना घाम फुटलेला मी पाहिला आहे.

मला पहिल्याच आठवड्यात फुटला. आमच्या घरातून आणलेलं पितळी घंगाळ ओट्यावर उन्हात पडलं होतं. अक्कानं त्यावरची अक्षरं बोटानं लावली. तिची शाळा म्हणजे भांडी. पुस्तक दिलं तर ते ती उलटं धरायची, पण कासारानं ठोकलेली टिंबाटिंबांची अक्षरं तिला बरोबर लागत. घंगाळावर होतं, 'सौ. गोदा भ्र. रामचंद्र'.

"रामचंद्र कोन?"

"माझे आजोबा."

"आनि गोदा?"

माझ्या आजीचं नाव सरस्वती. मी म्हणालो, माहेरचं नाव असेल. अक्काचा डोळा बारीक झाला. "माहेरना नावपुढे भ्रतारनं नाव कसं लागस, मास्तर?" मी चिडलो. भांडं बाजारातून जुनं घेतलेलं असेल, असंही म्हणून पाहिलं. "आसं तू म्हनस," ती म्हणाली आणि उठून गेली. मी वडिलांना पत्र टाकलं. त्यांचं चार पानी उत्तर आलं, त्यात आंब्याच्या मोहोराची हकीकत होती आणि गोदाबद्दल अक्षर नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईनं मला माजघरात नेऊन हळूच सांगितलं, की गोदाबाई ही आजोबांची पहिली बायको, पहिल्या बाळंतपणात गेली, आणि तिचं नाव घ्यायचं नाही अशी घरात रीत पडली. ते घंगाळ मात्र तीन पिढ्या आमचं पाणी तापवत राहिलं. परक्या गावच्या बाईनं आमच्या घरातलं माणूस आम्हाला दाखवावं, याचा मला राग आला होता. तो पुष्कळ दिवस गेला नाही.

तिच्याकडे माणसं यायची ती सोयरिकीच्या आधी. मुलगा पसंत, मुलगी पसंत, पण दोघांचं कूळ एक निघालं तर ती भावंडं ठरायची. म्हणून शहाद्यापासून शिरपूरपर्यंतचे लोक अक्काला विचारत. ती 'तुमचे आजोबा कोण' असं कधी विचारायची नाही. आजोबा सगळ्यांचे थोरच असतात, असं तिचं म्हणणं. ती विचारायची, तुमच्यात कुठलं झाड तोडत नाहीत? कुठल्या देवाला नवरदेव आधी नेता? बारशाला पहिला घास कशाचा? घरातल्या म्हाताऱ्याला एकदा विचारायचं, पंधरा दिवसांनी सुनेला विचारायचं, आणि मग सुगीत शेतावर गड्याला. तिघांचं जुळलं तरीही तिचा विश्वास बसायचा नाही, फक्त संशय जरा कमी व्हायचा.

नावांवरून ती फार काढायची. "उकिर्डा नाव शे ना? म्हंजे आधीनं एक तरी पोर गयं व्हयी," ती सांगायची. मूल जगावं म्हणून आधी उकिरड्यावर ठेवायचं आणि मग उचलून आणायचं, असं ते. नथ्थूचंही तेच, भिकनचंही तेच. एकदा एका बापानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की आमच्या घरात कधी पोर दगावलं नाही. अक्कानं त्याच्या भावांची नावं विचारली. दगडू, धोंडू आणि भिका. "आसं तू म्हनस," अक्का म्हणाली, आणि तो बाप चहा न घेता उठला.

भाटांवर तर तिचा दात होता. दर काही वर्षांनी मारवाडाकडचा भाट लाल फडक्यात बांधलेली वही घेऊन यायचा. ओट्यावर सतरंजी पडायची, नाना फेटा बांधून बसायचे, आणि भाट नानांच्या पूर्वजांना चितोडाकडून घोड्यावर बसवून आणायचा. नाना मिशीला हात लावत ऐकायचे. माझ्या देखत एकदा दाराआडून अक्काचा आवाज आला, "भाटबुवा, मांगे उनात तव्हय शेजारना घरले बी तुम्हीन हाऊच पूर्वज दिन्हा व्हता."

ओटा हसला. भाट अनुभवी होता, तो वाचत राहिला. अक्का पुन्हा म्हणाली, "आनि या बठ्ठासन्या माया कोठे शेतस? एक बी बाईनं नाव नही उनं."

"बाईजी, औरतों के नाम नहीं चढ़ते," भाट म्हणाला.

"मंग अर्धी वही कोरीच शे तुन्ही."

नानांनी तिला आत जायला सांगितलं. भाटाला दक्षिणा, धोतरजोडी आणि दोन वेळचं गोड जेवण मिळालं. तो गेल्यावर अक्कानं मला कारण सांगितलं. तिच्या धाकट्या बहिणीच्या अंगाला हळद लागली असताना एका भाटानं वही उघडून दोन्हीकडचं कूळ एक असल्याचं सांगितलं होतं. लग्न मोडलं. पुढे कळलं, की त्या भाटाला दुसऱ्या एका मुलीच्या बापानं आदल्या दिवशी जेवू घातलं होतं. हळद लागून लग्न मोडलेल्या त्या पोरीला नंतर एका बिजवराच्या घरी द्यावं लागलं आणि ती तिथे फार जगली नाही. अक्का हे सांगताना रडली नाही. "जो जेवाडस त्याना वंश मोठा," एवढंच म्हणाली. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांवरही तिचा भरवसा नव्हता. आपणच सांगितलेलं ते लिहून ठेवतात. खोटं सांगितलं तर खोटं जपून ठेवतात, असं तिचं मत.

खरं सांगायचं तर मला ही बाई आवडत नव्हती. आमची ही तर तिला पाहिली, की भांडी आत घ्यायची. दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जाऊन राख चाळायची, याला काय म्हणावं? मला वाटायचं, हिला माणसं नकोत, माणसांची खोड हवी आहे. हे मत पुढे बदललं, पण ते एका आषाढात आलेल्या पाहुण्यामुळे.

त्याचं नाव भिकन. पंचवीसएक वर्षांचा, सावळा, अंगात स्वच्छ सदरा, पायांत नवी पायताणं. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरला आणि सकाळी येऊन नानांच्या पाया पडला. म्हणाला, मी उखाआबांचा नातू. उखा म्हणजे नानांचा चुलता. दुष्काळात बऱ्हाणपुराकडे निघून गेला, तो परत आला नाही. मागे कोणी होतं की नाही, हेही ठाऊक नव्हतं. आता हा नातू.

गल्लीनं दुपारपर्यंत निकाल लावला. कोणी म्हणालं, जमिनीचा वाटा मागायला आलाय. कोणी म्हणालं, पोलिसांचा माणूस आहे, चळवळीतली नावं काढायला फिरतोय. पायताणं नवी का, याचीही चर्चा झाली. मीसुद्धा त्याच्याकडे बारीक नजरेनं पाहू लागलो. बोलताना तो घराच्या आढ्याकडे, जात्याच्या कोपऱ्याकडे असा बघायचा, की जणू कोणी सांगितलेल्या खुणा पडताळतोय.

त्याला हवं होतं ते त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. नंदुरबारच्या एका घरची मुलगी त्याला द्यायला बाप तयार होता. पण सुपारी फोडायला मुलाकडून कोणी तरी आपलं माणूस बसलं पाहिजे, अशी बापाची अट होती. ज्याच्या मागे कोणी उभं नाही, त्याला मुलगी कशी द्यायची? "माले वावर नको, घर नको," भिकन हात जोडून म्हणाला. "तुम्हीन फक्त सुपारीले येईसन बठा."

नाना अक्काकडे वळले. "वहिनी, याले तपासा."

अक्कानं त्याला ओट्यावर बसवलं, माझ्या दारासमोरच. नाव विचारलं. भिकन.

"कोनी भीक मांगी?"

"मायनी. मन्हा आधी तीन पोरे गयात."

"माय कोन?"

तो अडखळला. "बऱ्हाणपूरनीच व्हती."

अक्काचा डोळा बारीक झाला, तो पुढचे आठ-दहा दिवस बारीकच राहिला. रोज ती त्याला बोलवायची आणि तेच फिरवून विचारायची. उखाचं लग्न, उखाचं गाव, उखाचा धंदा. सगळी उत्तरं गुळगुळीत, पाठ केलेली. अक्का मला म्हणाली, "मास्तर, खरा माणूस चुकस. हाऊ चुकतच नही." मला तो सरळसरळ लबाड वाटत होता. अक्कालाही वाटत असावा. नाना तर त्याला हाकलायलाच निघाले होते, पण तोंडावर नागपंचमी आली, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई.

खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाईचे रोट सांगावे लागतील. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, त्यांचं दळण आदल्या दिवशी घरीच दळायचं आणि त्या पिठाचे जाड रोट करायचे. ते खायचे फक्त एका कुळाच्या माणसांनी. जावई नाही, शेजारी नाही, लग्न झालेली लेकसुद्धा नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. आणि ते दळायचे कसे, खायचे कसे, याची रीत प्रत्येक घराची वेगळी. ती बाहेर सांगत नाहीत. अक्काच्या हाती असलेली शेवटची परीक्षा ती हीच होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं भिकनला बोलावलं. नाना माझ्या दाराला टेकून उभे होते.

"आपला घरना रोटनं दयन कोन दयस?"

"घरन्या पोरी," भिकन म्हणाला. "तोंडले फडकं बांधीसन. दयन सरस तोपोतर बोलानं नही."

"तोंड कोनीकडे?"

"उगवतीकडे. जात्याना मांगे कोनामा दिवा."

"पीठ सांडं ते?"

"झाडू लावाना नही. बोटवर लेवानं आनि जिभवर ठेवानं."

नानांनी दाराचा आधार सोडला. हे सगळं बरोबर होतं, हे त्यांच्या तोंडावरूनच कळलं. अक्काच्या मात्र चेहऱ्यावर काही नव्हतं.

"रोट खावाले कोठे बठतस?"

भिकन थांबला. "...ओटावर?"

"खाईसन हात कोठे धोतस?"

"मोरीवर," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता.

नाना मोठ्यानं हसले. त्या घरात रोट दार लावून खात. हात ताटातच धुवायचे आणि ते पाणी घरातच खड्डा करून मुरवायचं. रोटाचा कण उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत. "पकडाई गया ना!" नाना म्हणाले. "कोनी तरी अर्धं सांगेल शे याले. भामटा शे!" आणि भिकनला त्यांनी ओट्यावरून खाली उतरवलं.

तो गेला. मी अक्काकडे पाहिलं. जन्मभर लोकांना पकडणारी ही बाई, आज तिच्यासमोर एक भामटा पुरता उघडा पडला होता. ती खूश व्हायला हवी होती. ती भिंतीला पाठ टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही डोळे उघडे होते.

"नाना," ती म्हणाली, "दयनपोतर त्याले बठ्ठं माहीत शे. खावानं काहीच माहीत नही. असं कोन व्हतं आपला घरमा? दयं, पन खादं नही?"

नानांनी ओट्याकडे पाठ केली.

"मी सांगू?"

"वहिनी, गप ऱ्हा."

"बायजा," अक्का म्हणाली.

हे नाव मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. बायजा ही नानांची बहीण. आठव्या वर्षी लग्न झालं, सासरी नांदायला जायच्या आधीच नवरा गेला. ती बापाच्याच घरी वाढली. जात्यावर बसायला ती घरची होती, म्हणून रोटाचं दळण दरवर्षी तिच्याच अंगावर पडायचं. खायला बसायच्या वेळी ती लग्न झालेली, दुसऱ्या कुळाची. दार लागायचं आणि ती बाहेर. दाराआड काय होतं, हे तिनं कधी पाहिलंच नाही, मग ती मुलाला काय सांगणार? "दयाले चालस व्हती, खावाले नही," अक्का म्हणाली.

"बायजा प्लेगमा मरी गयी," नाना म्हणाले. "वावरना छपरामा ऱ्हाईत व्हतूत आपू तव्हय. मीच खबर आनी व्हती."

"हां, तुम्हीनच आनी. मी त्या सालमा ह्याच घरमा सून व्हतू. तुम्हीन सांगं बायजा गयी. मंग कोनी आंगवर पानी लिन्हं? सासूबाईनी नही. सासरानी नही. तुम्हीन बी नही. जीती पोरना नावनं पानी कसं लेवानं, म्हनीसन कोनी लिन्हं नही. माले तव्हयपाशीन संशय शे."

तीसएक वर्षं हा संशय मनात ठेवून ती त्याच घरात, त्याच दिराच्या समोर वावरली होती. जगाला प्रश्न विचारणारी ही बाई आपल्या घरात तोच एक प्रश्न विचारू शकली नव्हती. नाना आत गेले.

शनिवारी सकाळी भिकन निरोप घ्यायला आला. बोचकं बांधलेलं होतं. त्याला वाटलं, आपलं संपलं. अक्कानं त्याला ओट्यावर बसवलं आणि उखाचं नावही काढलं नाही.

"माय कव्हय गयी तुन्ही?"

"गेला माघमा."

"मरताना काय म्हने?"

मग तो रडला. मोठा माणूस इतकं रडतो, हे पाहून मी आत जायला निघालो, तर अक्कानं हातानंच मला थांबवलं. तिला साक्षीदार हवा असावा. आईनं त्याला बजावलं होतं, की मन्हं नाव लेजो नको, त्या घरमा मन्हं नाव चालाव नही. उखाना नातू सांगजो. घरातली एकेक खूण तिनं त्याला सांगून ठेवली होती. बाप कोण, ते त्यानं आता सांगितलं. कापसाच्या जिनातला फिटर होता, जातीचाच, पण अगदी लहानपणी एका जुन्या दुष्काळात पोरका झालेला. रिलीफच्या कामावर कोणी तरी उचलून वाढवला. त्याला आपल्या बापाचं नाव माहीत नव्हतं, कूळ माहीत नव्हतं, देव माहीत नव्हता. बायजाचा त्याच्याशी पाट लावून द्यायला घरानं नकार दिला, तो एवढ्यासाठीच. ज्याचं कूळ ठाऊक नाही, तो कोणाचा कोण कुणास ठाऊक. प्लेगात गाव मोकळं होऊन शेतातल्या छपरांत गेलं, तेव्हा एके दिवशी ती त्याच्याबरोबर निघून गेली. नाना शोधायला गेले होते, भेटलेही होते. परत येऊन त्यांनी सांगितलं, मेली.

आता या भिकनला बापाकडून भाऊबंद मिळणं शक्यच नव्हतं. जगात त्याच्या रक्ताचं कोणी असेल, तर ते या घरातच. आणि या घराच्या लेखी त्याची आई तीस वर्षांपूर्वीच मेलेली होती. तो कोणाचा असणार?

अक्का उठली आणि भिकनला घेऊन निघाली. गल्लीच्या तोंडाशी विहीर होती. शनिवार म्हणून बायकांची गर्दी होती. नानांच्या घरातल्या पोरी तोंडाला फडकी बांधून दळायला बसल्या होत्या. अक्कानं विहिरीवर जाऊन कोणाची तरी भरलेली घागर उचलली आणि अंगावरच्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतली. मग दुसरी. बायका मागे सरल्या. असं पाणी अंगावर घेतात ते फक्त दुरून मरणाची खबर आली म्हणजे.

"कोन गयं अक्का?" कोणी तरी विचारलं.

"बायजा गयी," अक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "आपली बायजा. माघमा गयी. हाऊ तिन्हा पोऱ्या."

नानांच्या घरात जातं थांबलं. खबर कानावर आली म्हणजे घराला सुतक. सुतकात रोट करता येत नाहीत. नानांच्या घरची कानबाई त्या रविवारी बसली नाही, पुढच्या रविवारवर गेली. सगळ्या दोंडाईच्यात वाजतगाजत कानबाया निघाल्या आणि हे एक घर बंद. येणारा जाणारा विचारायचा, तुमची का नाही? आणि उत्तर एकच होतं. नानांनी दार लावून घेतलं आणि अक्काशी बोलणं टाकलं.

मी संशयी माणसांत दोन वर्षं राहून संशयी झालो होतो. मला वाटलं, या बाईला नणंदेचं दुःख नाही. आपला तीस वर्षांचा संशय खरा ठरला, याचाच आनंद आहे. दुपारी मी मागच्या अंगणात डोकावलो. अक्का ओलं लुगडं पिळत होती आणि पिळता पिळता मोठमोठ्यानं रडत होती, बायजाला नावं ठेवत. माले सांगं नही, माले काब्र सांगं नही, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी पाय न वाजवता परत आलो.

पुढच्या रविवारी रोट झाले. कोणाला वाटेल, आता भिकनला आत बसवलं असेल. अक्कानं बसवलं नाही. "तू भाचा शे. भाचाले रोट नही," तिनं त्याला सरळ सांगितलं. त्याच्या नावाची मूठ मोजली गेली नाही, दार त्याच्या तोंडावरही लागलं. तो माझ्या ओट्यावर बसला होता. थोड्या वेळानं अक्का बाहेर आली, पुरणपोळीचं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. ती स्वतः त्या दिवशी रोट जेवायला आत बसली की नाही, ते मला माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

नंदुरबारच्या बापाला भिकननं खरं ते सगळं कळवलं. दसऱ्यानंतर निरोप आला: बापाकडचं कोणी नसेल तर आजोळचं चालेल, पण माणूस प्रत्यक्ष आलं पाहिजे. नानांना कोणी विचारलं नाही. अक्कानं ठरवलं, की मामी म्हणून आपण जायचं. विधवा बाई सुपारीला चालेल का, ही शंका तिलाही होतीच.

माझी त्याच दिवाळीत शिरपूरला बदली झाली. सामान बांधता बांधता मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. भिकननं तिला डब्यात खिडकीशी बसवलं. मी खिडकीबाहेर उभा. न राहवून विचारलं, "अक्का, तुम्ही काही बायजाबाईंच्या रक्ताच्या नाही. तिथे पुरावा मागितला तर काय दाखवणार?"

"मांगू दे," ती म्हणाली. "जन्मभर मी लोकेसले इचारं. आते माले इचारोत."

तेवढ्यात फलाटावरून नाना येताना दिसले. डोक्याला नवा फेटा, हातात पिशवी. ते माझ्याकडे न बघता त्याच डब्यात चढले आणि दाराजवळच्या बाकावर, अक्काकडे पाठ करून बसले. अक्काचा डावा डोळा बारीक झाला.

"नाना, कोठे निंघनात?"

"नंदुरबार."

"काब्र?"

"काम शे."

"आसं तुम्हीन म्हंतस," अक्का म्हणाली. मग भिकनकडे बोट केलं. "हाऊ कोन शे?"

डब्यातली माणसं बघू लागली. नाना पिशवीची गाठ चाचपत होते.

"भाचा."

"कोना भाचा?"

"मन्हा."

"कोनी बहीनना पोऱ्या?"

गार्डानं शिटी दिली. नाना खाली बघत काही तरी पुटपुटले.

"आयकू नही उनं," अक्का म्हणाली.

नाना वळले. त्यांचा चेहरा मला खिडकीतून दिसला, आणि एवढा म्हातारा झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता असं वाटलं. ते ओरडल्यासारखे म्हणाले, "बायजाना! मन्ही बहीन बायजाना पोऱ्या शे हाऊ!"

गाडी हलली. अक्का बाकावर जरा सरकली, आपल्या आणि भिकनच्या मधली जागा पदरानं झाडली आणि म्हणाली, "मंग आठे बठा."